नगर कोणाचें?

एखादें नगर तेंच राहिलें असें केव्हां म्हणावें? घरें तींच असलीं म्हणजे, कीं माणसें तींच असलीं म्हणजे? बाल्टिक समुद्रालगतच्या कालिनिनग्राडकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गांतून उठून न्यायासनासमोर येतो. नगर रशियाचें, पण १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडल्यापासून मध्यें परके देश पडल्यामुळें उर्वरित रशियास त्याची हद्द कोठेंच भिडत नाहीं.

१२५५ सालीं ट्यूटॉनिक पंथाच्या सरदारांनीं येथें किल्ला बांधला व बोहेमियाच्या राजाच्या मानार्थ त्यास कोनिग्सबर्ग, म्हणजे राजाचा डोंगर, हें नांव दिलें. पुढें जवळजवळ सातशें वर्षें तें जर्मन भाषेचें नगर होतें. तत्त्ववेत्ता कांट येथेंच १७२४ सालीं जन्मला, येथेंच शिकला, येथेंच शिकवीत राहिला व १८०४ सालीं येथेंच वारला. १९४४ च्या ऑगस्टांत इंग्रजी विमानांनीं नगराचा मध्यभाग जाळला, पुढल्या एप्रिलांत रशियन सैन्यानें तें घेतलें, १९४६ सालीं नांव बदललें, आणि दोन वर्षांत उरल्यासुरल्या बहुतेक जर्मनांची हकालपट्टी झाली.

युद्ध जर्मनीनें आरंभिलें होतें, तेव्हां हें त्याचेंच फळ, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. पण गाडींत बसविलेल्या पोरांनीं कोणतें युद्ध आरंभिलें होतें? बरें, त्यांच्या जागीं जे आले तेही कांहीं चैनीसाठीं आले नव्हते. त्यांतील कित्येकांचीं गांवें जर्मन सैन्यानेंच बेचिराख केलीं होतीं. त्यांचीं नातवंडें तेथेंच जन्मलीं. त्यांना आतां पाहुणे म्हणावें काय?

खुद्द कांटनें १७९५ च्या आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधांत, राज्य ही जमिनीच्या तुकड्यासारखी मालमत्ता नव्हे, तें देवघेवीनें दुसऱ्याचें होऊं नये, असें प्रतिपादिलें आहे. त्याच निबंधांत, पृथ्वीवरील कोणत्याही जागेवर मूलतः एकाचा हक्क दुसऱ्याहून अधिक नाहीं, असेंही तो म्हणतो; मात्र यावरून परक्यास भेटीस येण्याचा हक्क मिळतो, ठाण मांडण्याचा नव्हे. पहिल्या वचनानें घालविलेल्यांचा कैवार घेतां येतो. पण या वचनांच्या बळावर आजच्या नातवंडांस उठविण्याचा अधिकार कोणास मिळतो असें आम्हांस वाटत नाहीं. तसें केल्यास जुनाच अन्याय नव्या पोरांवर होईल.

२००५ सालीं तेथील विद्यापीठास कांटचें नांव देण्यांत आलें. २०१८ सालीं विमानतळास तेंच द्यावें कीं काय यावर वाद पेटला, कोणीं त्याच्या पुतळ्यावर रंग ओतला, आणि अखेर सम्राज्ञी एलिझाबेथचें नांव ठरलें. गंमत अशी कीं, तिच्याच फौजेनें १७५८ सालीं हें नगर घेतलें असतां प्राध्यापकपदासाठीं कांटनें तिलाच अर्ज धाडला होता! देशाभिमान्यांस ही गोष्ट ठाऊक नसावी.

जळलेल्या चर्चच्या भिंतीशीं त्याची समाधि मात्र शाबूत राहिली. नवपरिणीत रशियन जोडपीं त्या आजन्म ब्रह्मचाऱ्याच्या समाधीवर फुलें ठेवून जातात. तीं फुलें परक्यांचीं आहेत असें आमच्यानें म्हणवत नाहीं.