आलेली पिछाडी

१५ फेब्रुवारी २०१४. सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या क्रॉस-कंट्री स्कीइंग रिलेचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा. फिनलंड आणि जर्मनीच्या खेळाडू पुढे निघून गेल्या होत्या आणि स्वीडनची शार्लोट काला अजून जागेवरच उभी होती. तिची सहकारी अ‍ॅना हाग धापा टाकत आली, तिनं हात लावला आणि काला सुटली. पुढच्यांपेक्षा सुमारे २५ सेकंद मागे. त्या दिवशीच्या वेगानं हे अंतर दीडशे मीटरच्या आसपास भरतं. हातात उरले होते पाच किलोमीटर.

धावण्याच्या रिलेत बॅटन असते. ती निसटते, पडते, आणि कुणाच्या हातून पडली यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालतात. बर्फावरच्या रिलेत बॅटनच नाही. दोन्ही हातांत काठ्या असताना ती धरणार कशी? सुमारे ३० मीटर लांबीच्या पट्ट्यात येणारीनं जाणारीला हात लावायचा, एवढाच नियम. येणारी बहुतेक वेळा तिथंच बर्फावर कोसळते, आणि तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत जाणारी पहिल्या चढाला लागलेली असते. मला या खेळात सगळ्यात जास्त हाच क्षण पाहावासा वाटतो. काय घडलं, का घडलं, कुठे पाय घसरला, हे सांगायला वेळच नसतो. आघाडी असो की पिछाडी, ती त्या एका स्पर्शात दुसरीची होते.

कचेरीत चार्ज घेताना आपल्याकडे यादी होते, सह्या होतात, आणि त्यानंतरही वर्षभर प्रत्येक अडलेल्या कामापाशी ‘आधीच्या साहेबांनी’ हे दोन शब्द येत राहतात. कालाला ती सोय नव्हती. ते २५ सेकंद तिनं गमावलेले नव्हते. ते आधीच्या तीन टप्प्यांत साचले होते. पण आता ते भरून काढायचे होते तिलाच.

तिनं काय केलं हे आता सर्वांना माहीत आहे. अंतर थोडं थोडं कमी होत गेलं आणि शेवटच्या सरळ पट्टीवर तिनं फिनलंड आणि जर्मनी दोघांनाही गाठून मागे टाकलं. स्वीडन पहिलं, फिनलंड अर्ध्या सेकंदानं आणि जर्मनी ०.९ सेकंदानं मागे. चार जणींचे मिळून वीस किलोमीटर, ५३ मिनिटांहून किंचित जास्त वेळ, आणि तीन देश एका सेकंदाच्या आत. दुसऱ्या दिवशी सगळीकडे कालाचं नाव होतं आणि ते रास्तच होतं. तरी इडा इंगेमार्सडॉटर, एम्मा विकेन आणि अ‍ॅना हाग या तिघींची नावं मला मुद्दाम लिहावीशी वाटतात. पिछाडी त्यांच्या टप्प्यांत झाली हे खरं, पण त्यांनी ती २५ सेकंदांवर थोपवून धरली हेही तितकंच खरं. ती ४० सेकंद झाली असती तर कालाच्या पायांत कितीही बळ असून उपयोग नव्हता. हरत असताना किती हरायचं यावर ताबा ठेवणं हे मोठं कौशल्य आहे. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

नॉर्वेची गोष्ट मात्र वेगळी झाली. २०१०च्या ऑलिंपिकमध्ये आणि २०११, २०१३च्या जागतिक स्पर्धांत सुवर्ण त्यांचंच होतं; सोचीतही दुसरं कुणी जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पण त्या दिवशी हवा उबदार, बर्फ ओलसर, आणि नॉर्वेच्या स्की चालेनात. या रिलेत पहिले दोन टप्पे क्लासिक पद्धतीचे असतात, आखलेल्या दोन समांतर चरांतून जायचे. चढावर स्कीनं बर्फ पकडावं आणि उतारावर सोडावं यासाठी तिच्या तळाला मेण लावतात. पारा शून्याच्या आसपास घुटमळू लागला की नेमकं कोणतं मेण लावायचं हे ठरवणं महाकठीण. तो अंदाज चुकला की जगातली उत्तम खेळाडूही जागच्या जागी पाय मारत राहते. हायडी वेंग आणि टेरेसे योहाउग यांचं तसंच झालं. शेवटच्या टप्प्यासाठी मारिट ब्योर्गेन निघाली तेव्हा पदक हातचं गेलेलंच होतं.

कालाच्या पाच किलोमीटरांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं मन रेंगाळतं ते ब्योर्गेनच्या पाच किलोमीटरांपाशी. ती काही त्या दिवसांत थकलेली नव्हती. त्याच सोचीत तिनं स्कीअ‍ॅथलॉन, सांघिक स्प्रिंट आणि ३० किलोमीटर अशी तीन सुवर्णपदकं मिळवली. म्हणजे पाय तेच, दम तोच, आणि समोर मात्र कुणीच भरून काढू शकणार नाही एवढं अंतर. तरीही टप्पा पुरा करावाच लागतो. नॉर्वे पाचवं आलं.

स्वीडनच्या महिलांना हे सुवर्ण ५४ वर्षांनी मिळालं होतं. आधीचं १९६०चं, अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीचं. तेव्हा या रिलेत तिघीच असत. त्या वर्षी जिंकायची ती सोव्हिएत संघानं. १० किलोमीटरच्या शर्यतीत पहिले चारही क्रमांक त्यांच्याच महिलांचे होते. पण रिलेच्या पहिल्याच टप्प्यात राद्या येरोशिना पडली आणि तिची स्की मोडली. पुढच्या दोघींनी त्या अवस्थेतूनही रौप्यपदक ओढून आणलं. सुवर्ण गेलं असंच बहुतेक नोंदी सांगतात. मला ते रौप्य जास्त मोलाचं वाटतं.

सोचीनंतर चार वर्षांनी, प्योंगचांगमध्ये, ब्योर्गेन पुन्हा शेवटच्या टप्प्याला होती. वय ३७. तिनं स्वीडनच्या स्टिना निल्सनला मागे टाकलं आणि नॉर्वे दोन सेकंदांनी जिंकलं. चित्रफितींत हेच दिसतं. पण दुसऱ्या टप्प्यात आस्ट्रिड याकोब्सेन बरीच मागे पडली होती, आणि तिसऱ्या टप्प्यात रागनहिल्ड हागानं ते अंतर भरून काढलं होतं, म्हणून ब्योर्गेनला लढायला जागा उरली. याकोब्सेन सोचीतल्या त्या पाचव्या क्रमांकाच्या चौघींतही होती. हागा नव्हती, प्योंगचांगला तिच्या हाती मोठी पिछाडी आली, आणि ब्योर्गेनला हात लावेपर्यंत तिनं ती संपवली होती.