रबराचे कडे आणि पहिले शील



तुमच्या दारी चार-सहा मेंढ्या असतील तर हा प्रश्न केव्हातरी उभा राहणारच. नर कोकरू पाच-सहा महिन्यांचे झाले की त्याला आई-बहीण कळत नाही. म्हणून ते खच्ची करतात. पूर्वी दगडाने ठेचीत. आता चिमट्याने ताणून रबराचे कडे अंडांच्या वर चढवतात. रक्त अडते, आणि काही आठवड्यांत तो भाग वाळून गळून पडतो. मग घरातले कोणीतरी विचारते, वंदनेत आपण रोज पहिले शील घेतो, आणि हे काय?

शील हत्येपुरते आहे, इथे कोण मेले, असे कोणी म्हणेल. हे वकिली उत्तर झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. उलट, जनावराला हातच लावू नये, हेही बाबासाहेबांचे म्हणणे नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गरज आणि हौस यांत भेद केला, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे सांगितले. नियम पाळला की माणूस मोकळा होतो. तत्त्वापुढे त्याला दर वेळी विचार करावा लागतो.

सम्राट अशोकानेही हा विचार केला होता. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने पक्षाची अष्टमी, चतुर्दशी, पंधरावा दिवस आणि आणखी काही ठरावीक दिवशी बैल, बोकड, मेंढे व डुक्कर खच्ची करण्यास मनाई केली. सरसकट बंदी केली नाही. शेतकऱ्याची गरज त्याने ओळखली, पण ती बेलगाम सोडली नाही.

तेव्हा आधी स्वतःला विचारा, गरज आहे का? नर वेळेवर वेगळे बांधता येत असतील तर कड्याचे कामच नाही. जागा नसेल, राखायला माणूस नसेल, तर गोष्ट वेगळी.

पण रक्त दिसत नाही म्हणून दुखत नाही, असे समजू नका. कडे चढवल्यावर कोकरू तास-दोन तास बसते, उठते, पाय झाडते. “मुक्या जनावराला काय कळते?” असे आपल्या तोंडून निघू नये. आपल्याविषयीही लोक असेच बोलत. महाडच्या तळ्यावर गुरे पाणी पीत आणि आपल्याला मज्जाव होता. १९२७ साली आपण झगडलो तो माणसांच्या अन्यायाशी. त्या गुरांवर आपला राग नव्हता.

ब्रिटनमध्ये भूल न देता कडे चढवण्याची मुभा कोकराच्या पहिल्या आठवड्यापुरतीच आहे. आपल्याकडे २०२३ च्या केंद्रीय नियमांनी हे काम नोंदणीकृत पशुवैद्याने भूल देऊन करावे असे ठरवले आहे. म्हणजे बाजारातून कडी आणून घरीच उरकण्याची सोय राहिलेली नाही. दवाखाना लांब असतो, एक दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरी जा. धनुर्वाताची लसही तिथेच विचारा. कड्याच्या जखमेतून तो होतो. आणि वाढलेल्या मेंढ्याला, स्वस्तात होते म्हणून, कडे मुळीच चढवू नका.