दहावा श्लोक आणि बाविसावा

आजचं वाचन गीता, अध्याय १७, श्लोक १०. शिजवून प्रहर उलटलेलं, रस गेलेलं, वास मारणारं, शिळं, उष्टं अन्न तामसी माणसाला आवडतं, असं भगवंत सांगतात.

हा श्लोक पाठ झाला आणि विश्रामबागच्या घरी मी शिळं खाणं सोडलं. रात्रीचा भात-आमटी सकाळी भांडीवाल्या मावशींच्या डब्यात. अन्नही वाया नाही, वर पुण्य! गेल्या आठवड्यात मावशींनी डबा हुंगला. "आमटी आंबलीय की ओ, दादा." मी म्हटलं, "मग म्हशीला घाला." त्या काहीच बोलल्या नाहीत.

रात्री अध्याय पुढे वाचला. श्लोक २२: अवेळी, अपात्री, अनादराने दिलेलं दान तामस. फक्त बारा श्लोक पुढे, आणि मी तिथवर कधी गेलोच नव्हतो! (अर्धीच अट वाचून कोड लिहिलं की काय होतं, ते ऑफिसात रोज बघतो.) मला तामसी म्हणून नको असलेलं अन्न त्यांच्या डब्यात गेल्यावर सात्त्विक कसं होणार?

आता तांदूळ मोजून घेतो. उरलंच तर लगेच फ्रिजमध्ये, आणि सकाळी फोडणीचा भात मीच खातो. आजी आयुष्यभर आवडीने खायची. तिला तामसी म्हणायची माझी हिंमत नाही. विटलेलं मात्र कुणालाच नाही. गाईसाठी म्हणून पिशवीत बांधून ठेवलं, तर ती पिशवीसकट गिळते. ते गच्चीवरच्या भोकं पाडलेल्या बादलीत, वर सुका पाला. दोन-तीन महिन्यांत खत होतं.

काल मावशींना विचारून गरम पोळी-भाजी दिली. त्यांनी डबा हुंगलाच.