ख्याती कोणाची?

दिल्लीत वाढलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या कोणाही मध्यमवर्गीयासमोर ‘निरुलाज’चे नाव काढावे. हॉट चॉकलेट फजचा विषय निघतोच, आणि पाठोपाठ उसासा: आता पूर्वीसारखे राहिले नाही. जिथे आपण जायचे थांबलो, ते दुकान ओस पडले म्हणून हळहळण्याचा आपल्याला हक्क आहे का, असा प्रश्न मला या उसाशाने पडतो.

निरुला बंधूंनी १९३४ साली कनॉट प्लेसमध्ये ‘हॉटेल इंडिया’ काढले. १९७७मध्ये त्यांचे फास्ट फूडचे उपाहारगृह आले, तेव्हा बर्गर-पिझ्झा ही दिल्लीत नवलाई होती. शाखा वाढल्या. १९९६मध्ये मॅकडॉनल्ड्स वसंत विहारमध्ये आले, मागोमाग इतर परदेशी साखळ्या आल्या. २००६मध्ये निरुला कुटुंबाने कंपनी मलेशियातल्या नॅव्हिस कॅपिटलला विकली. पुढे एकेक शाखा मिटत गेली. नाव अजून आहे, दबदबा नाही.

परदेशी कंपन्यांनी घास घेतला, हे उत्तर सोपे आहे. पण बर्गर तरी कुठे इथला होता? नवलाईच्या जोरावर जे उभे राहते, त्याला पुढची नवलाई कधीतरी गाठतेच. बाजाराचा हा नियम घसरण समजावून देतो. हळहळ मात्र त्याने उलगडत नाही.

तिचे मूळ मला प्रगतिपुस्तकात दिसते. परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलाने ते दाखवले की निरुलाजमध्ये आइस्क्रीम फुकट मिळे. ही जाहिरातच होती. मुलाबरोबर आलेले आईवडीलही काही ना काही खाणारच. तरी मुलाच्या लेखी ती एका अनोळखी मोठ्या माणसाने दिलेली शाबासकी होती. यातले एक खरे आणि दुसरे खोटे, असे मला म्हणवत नाही. मात्र ही शाबासकी सगळ्यांसाठी नव्हती. कमी गुणांच्या मुलाला ती नव्हती, आणि दाराबाहेर फुगे विकणाऱ्या मुलाकडे प्रगतिपुस्तकच नव्हते.

धंदा विकताना मालमत्तेच्या किमतीहून जे जास्त मिळते, त्याला हिशेबाच्या भाषेत ‘ख्याती’ म्हणतात. ती मालकाच्या कल्पकतेतून येते, तशी कामगारांच्या राबण्यातून आणि गिऱ्हाइकांच्या लोभातूनही येते. किंमत मात्र मालकाला मिळते. कायद्याने ते रास्तच आहे. पण ख्याती यंत्रासारखी विकत घेऊन चालवता येत नाही. ती एक देणे असते, दारात येणाऱ्या प्रत्येकाला नव्याने फेडायचे.

मग गिऱ्हाइकाकडे काही देणे लागते का? न आवडलेले खात राहण्याचे बंधन कोणावर नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी आठवण आली की सारे जसेच्या तसे मिळावे, ही अपेक्षा म्हणजे आपल्या बालपणाची राखण दुसऱ्याने पदरमोड करून करावी असे म्हणणे. दुःखाला हक्क लागत नाही. दोष द्यायला लागतो. आणि जो स्वतः अधिक चकचकीत दाराकडे वळला, त्याच्यापाशी तो फारसा उरत नाही.

या आठवणींच्या गप्पांत फजची चव असते, दर असतो, टेबलाची जागासुद्धा असते. काउंटरपलीकडून तो पेला पुढे करणाऱ्या माणसाचे नाव कोणी घेत नाही. शाखा मिटते तेव्हा आपली एक आठवण पोरकी होते, आणि त्याची नोकरी जाते. माझ्या मते हळहळीची सुरुवात तिथून व्हायला हवी.