बिजागरीच्या पानाएवढी खोली

लाकडात खाचा पाडणारा राऊटर घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, ‘किती वॅटचा आहे?’ प्रश्न रास्त आहे. सागाच्या फळीत अर्धा इंची बिट चालवायचे तर मोटरीत दम हवाच. पण प्लंज राऊटरची खरी परीक्षा वायर न जोडताच होते. लॉक सोडायचा, दोन्ही मुठी धरायच्या आणि मोटर दोन दांड्यांवरून खाली कशी उतरते ते पाहायचे. मग एकाच मुठीवर जोर द्यायचा. चांगला राऊटर तेव्हाही फारसा अडत नाही. हलक्या प्रतीचा असेल तर एक बाजू खाली जाते, दुसरी अडून बसते आणि एकदम झटक्याने सुटते. काम चालू असताना हाच झटका मिनिटाला वीसेक हजार फेरे घेणाऱ्या बिटाला बसतो आणि खाचेची कड फाटते.

हा सुरळीतपणा म्हणजे चैन नव्हे. मशीन अडखळत असेल तर सुताराचे निम्मे लक्ष ते सांभाळण्यातच जाते. लक्ष हवे असते लाकडावर. रेषा कुठे वळल्या, गाठ कुठे आली, भुसा काळपट पडू लागला का, आवाज दबला का. रंधा मारणाऱ्याला लाकूड थेट हाताला कळते. यंत्र आले आणि ते कळणे कमी झाले, असे जुने सुतार म्हणतात, आणि मला ते पटते. दांड्यांवर अलगद सरकणारा राऊटर त्यातले थोडे तरी परत देतो. दाब किती दिला आणि लाकडाने किती घेतला, हे त्यात हाताला समजते.

अचूकपणाबद्दलही असाच एक गैरसमज आहे. राऊटरवरच्या मोजपट्टीवर मिलिमीटरच्या बारीक खुणा असल्या की मशीन अचूक, असे आपण धरून चालतो. पण चौकटीत बिजागरी बसवायची आहे असे समजा. बिटाचे टोक लाकडाला टेकवून लॉक लावायचा. खोली ठरवणारी सळई ज्या पायरीवर येऊन थांबते, त्या पायरीवर बिजागरीचे पानच ठेवायचे. सळई त्यावर टेकवून घट्ट करायची आणि पान काढून घ्यायचे. आता राऊटर बरोबर त्या पानाच्या जाडीइतकाच खाली जाईल. आकडा कुठे वाचावा लागला नाही. पान अडीच मिलिमीटरचे की तीनचे, याच्याशी कर्तव्य नाही. मात्र यासाठी सळई सैल पडता कामा नये आणि लॉक लावताना मोटर केसभरही हलता कामा नये. दुकानात तपासायचे ते हे.

अचूकपणा नुसता उपकरणाच्या पोटात नसतो, भोवतालीही असतो, याची साक्ष आपल्या अलिबागेतच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा त्या नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ साली अलिबागेत नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात चुंबकीय साहित्य कटाक्षाने टाळले होते. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी आणि नवी मोजणी एकमेकींशी ताडून जोडता आली. उत्तम उपकरण असूनही त्या लोकांनी आधी जागा निवडली. सुताराची जागा म्हणजे फळी घट्ट धरणारा शिकंजा, सरळ पट्टी आणि नीट कापलेला साचा. राऊटरवर सगळे पैसे घालून साचा मात्र उरलेल्या वाकड्या प्लायचा करायचा, हे मला कधीच समजलेले नाही.

आणि आपली जागा समुद्राकाठची आहे. मांडवा, किहीम, रेवदंडा, मुरूड, कुठेही जा, खारी हवा लोखंड सोडत नाही. पावसाळ्यात न वापरता पडून राहिलेल्या राऊटरच्या दांड्यांवर गंजाचे बारीक ठिपके उठतात. एकदा ते उठले की मशीन कितीही नामांकित असो, ते अडणारच. दांड्यांना तेल चोपडले तर त्यावर भुसा चिकटून लगदा होतो. सिलिकॉनचा फवारा लाकडावर उडाला तर पॉलिश नीट बसत नाही. दांडे कोरडे पुसून मेणाचा पातळ हात फिरवणे मला सर्वांत बरे वाटते. खरेदीच्या वेळीच दांडे आणि स्प्रिंगा सहज उघडून साफ करता येतात का, हे विचारून घ्यावे. कार्बन ब्रश, बेअरिंग आणि बिट पकडणारे कॉलेट अलिबाग-पनवेलला किंवा निदान मुंबईच्या नागदेवीत मिळतात का, हेही. कॉलेट झिजले की बिट लंगडत फिरते, आणि त्याला दुरुस्ती नाही, ते बदलावेच लागते.

वाड्यांमध्ये साग आणि फणस दोन्ही हाताखाली येतात. सागात सिलिका असते, त्यामुळे साधे पोलादी बिट लवकर बोथट होते. तिथे कार्बाइडच्या धारेचे बिट घ्यावे. वेग कमी-जास्त करण्याची सोय असावीच, कारण मोठ्या व्यासाचे बिट पूर्ण वेगाने फिरवणे धोक्याचे असते. संध्याकाळी व्होल्टेज उतरते अशा गावात भाराखालीही वेग टिकवणारे मशीन परवडले तर उत्तम.

एक काम मात्र कोणताच राऊटर करत नाही. फिरणाऱ्या बिटाने कापलेल्या खाचेचा आतला कोपरा गोलच राहतो आणि बिजागरीचे पान बहुतेक चौकोनी असते; तो कोपरा पटाशीनेच काढावा लागतो. म्हणून राऊटरचा हिशेब मांडताना चांगल्या पोलादाची एक पटाशी आणि धार लावायचा दगड, यांचे पैसे आधी बाजूला काढावेत.