पाठीमागचा वार आणि त्याची किंमत

कोमोदाच्या किनाऱ्यावर ऐंशी सामुराई घोड्यांवर बसून मंगोल फौजेसमोर उभे आहेत. त्यांच्यातला अदाची नावाचा सरदार घोडा पुढे काढतो, आपलं नाव आणि कूळ पुकारतो आणि शत्रूकडच्या सर्वांत शूर योद्ध्याला द्वंद्वाचं आव्हान देतो. मंगोलांचा सेनापती खोतुन खान सावकाश चालत येतो, पेल्यातलं मद्य अदाचीच्या अंगावर फेकतो, त्याला मशाल लावतो आणि जळत्या माणसाचं मुंडकं उडवतो. सकर पंच या अमेरिकी कंपनीने २०२० साली प्लेस्टेशनवर आणलेल्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या गेमची ही सुरुवात. बघता बघता सगळी तुकडी कापली जाते. उरतात दोघेच: तरुण जिन साकाई आणि खानाच्या कैदेत पडलेला त्याचा मामा, लॉर्ड शिमुरा.

जिनला जगवते युना नावाची एक चोर. तिच्यामागून दबकत जाताना तो पहिल्यांदा एका मंगोल पहारेकऱ्याला पाठीमागून भोसकतो, आणि त्याच क्षणी त्याला लहानपणी मामाने दिलेली शिकवण आठवते: मारायचंच असेल तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून मारावं. इथून पुढे सगळा गेम या एका आठवणीशी झगडत राहतो. मानाने लढून त्सुशिमा बेट गमवायचं, की लपूनछपून मारून ते वाचवायचं?

प्रश्न मोठा आहे. पण खेळणाऱ्याच्या हातात कंट्रोलर असतो, आणि तिथे हा प्रश्न जवळजवळ विरघळून जातो. समोरासमोरच्या लढाईसाठी शत्रूला ललकारायचं, त्रिकोणाचं बटण दाबून धरायचं आणि तो वार करायला झेपावला की बोट उचलायचं. एका झटक्यात माणूस पडतो. हीच कला वाढवत नेली की ओळीने तिघे-चौघे आडवे होतात. मागून मारायचं तर गवतातून सरकत जायचं आणि दुसरं एक बटण दाबायचं. सोबतीला धुराचे गोळे, कुनाई म्हणजे फेकायचे सुरे आणि फुंकनळीतून मारायचे विषारी बाण. दोन्ही वाटा तितक्याच देखण्या, तितक्याच फायद्याच्या. सकाळी ललकारून लढलेला जिन दुपारी छपरावरून उडी टाकून झोपेतल्या माणसाचा गळा चिरतो आणि गेम त्याची कुठलीही किंमत वसूल करत नाही. अस्वस्थ होतात ती फक्त कथेतली पात्रं. खेळणारा मजेत असतो.

खऱ्या इतिहासात हा झगडा असाच होता का? १२७४ साली कुबलाई खानाचं आरमार खरोखर त्सुशिमावर आलं. बेटाचा कारभारी सो सुकेकुनी सुमारे ऐंशी घोडेस्वारांनिशी किनाऱ्यावर गेला आणि तिथेच मेला. इथपर्यंत गेम इतिहासाचा हात धरून चालतो. मात्र शिमुरा ज्या बुशिदोच्या, म्हणजे सामुराईंच्या आचारधर्माच्या नावाने बोलतो, तो पाठांतराने सांगावा असा आखीवरेखीव धर्म तेव्हा नव्हता. ‘हागाकुरे’सारखी पुस्तकं अठराव्या शतकातली, म्हणजे सामुराईंना लढायला लढाया उरल्या नव्हत्या त्या काळातली. आज जगाला ठाऊक असलेला बुशिदो तर बराचसा इनाझो नितोबे यांनी १९००च्या सुमारास इंग्रजीत, पाश्चात्त्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून पसरला. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या योद्ध्यांना छुपा हल्ला वर्ज्य नव्हता. ११८४ साली मिनामोतो योशित्सुने या सेनापतीने शत्रूचा इचि-नो-तानीचा तळ मागच्या कड्याकडून हल्ला करून घेतला आणि त्याबद्दल त्याची कीर्तीच गायली गेली.

ताकेझाकी सुएनागा या सामान्य सामुराईने मंगोल स्वारीतला आपला पराक्रम चित्रगुंडाळ्यांवर रंगवून घेतला. त्या गुंडाळ्या आजही आहेत. त्यांतल्या एका चित्रात त्याच्या घोड्याला बाण लागले आहेत आणि हवेत मंगोलांचा बॉम्ब फुटतो आहे. १२७४च्या हाकाताच्या लढाईत सर्वांच्या पुढे धावून जायची त्याला घाई होती, आणि तितकीच घाई साक्षीदार मिळवण्याची. आपण पुढे होतो हे शपथेवर सांगणारा माणूस नसेल, तर बक्षीस कोण देणार? पुढे तो थेट सत्तेचं केंद्र असलेल्या कामाकुराला गेला, आपली बाजू मांडली आणि जहागीर मिळवली. त्या काळचा मान हा असा होता: सर्वांना दिसणारा, नोंदला जाणारा, जमिनीत बदलून मिळणारा. सात वर्षांनी, १२८१ मध्ये मंगोल पुन्हा आले तेव्हा हेच सामुराई छोट्या होड्यांतून शत्रूच्या जहाजांवर चढून गेले, कित्येकदा रात्रीच्या अंधारात. शिरस्त्राण जवळ नव्हतं म्हणून सुएनागाने नडगीची कवचंच डोक्याला बांधली होती. त्याला कोणी अप्रतिष्ठित म्हटलं नाही.

म्हणजे समोरून वार केला तर मान आणि मागून केला तर बेइमानी, ही वाटणी इतिहासाला मान्य नाही. मग शिमुरा इतका का संतापतो? याचं उत्तर गेममध्येच आहे, आणि तो त्याचा सर्वांत जाणता भाग आहे. शिमुराचा वाडा परत घेताना मामा सरळ पुलावरून चढाई करतो. मंगोल पूल उडवतात आणि माणसं मरतात. त्या रात्री जिन एकटाच आत शिरतो आणि मंगोलांच्या पिण्यात विष कालवतो. तोंडाला फेस येऊन, रक्त ओकत तळमळणारे सैनिक पडद्यावर दिसतात. वाडा हाती येतो. यानंतर मामा जी तोड काढतो, तिने त्याच्या मानाचं अंतरंग उघडं पडतं: हे सगळं त्या युनाने केलं असं सांग, शिक्षा तिला होईल, तू सुटशील. विष कालवणं मानाविरुद्ध, पण चोर बाईचा बळी देणं मानात बसतं! शिमुराचा मान हा सरदारांनी सरदारांशी वागायचा शिष्टाचार आहे. त्या वर्तुळाबाहेरच्या माणसांना त्यात जागाच नाही. जिन नकार देतो, आणि तिथे तो मामापेक्षा अधिक मानी ठरतो.

पण शिमुराचा एक मुद्दा मात्र खोडून काढता येत नाही. कथेच्या पुढच्या भागात मंगोल जिनचंच विष बनवायला शिकतात आणि ते बेटावरच्या लोकांवर वापरतात. बंधन सोडून उचललेलं हत्यार शत्रूच्या हाती जातं आणि ज्यांच्यासाठी ते उचललं, त्यांच्यावरच उलटतं. लपून मारण्यावरचा खरा आक्षेप असला तर तो हा. वार पाठीवर झाला की छातीवर, हे गौण आहे. वार करणारा निघून गेल्यावर त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहायला हवं.

गेम इथेच कच खातो. विषाचा उलटलेला परिणाम कथेत दिसतो, पण खेळणाऱ्याच्या भात्यातले विषारी बाण तसेच राहतात. दहा वेळा वापरा की शंभर वेळा, गावं तितकीच जगतात आणि तितकीच मरतात. एवढा गंभीर प्रश्न उभा करून त्याचं ओझं फक्त पात्रांच्या खांद्यांवर टाकणं, ही साधी त्रुटी म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपट किंवा कादंबरी यापलीकडे जाऊ शकत नाही. गेम जाऊ शकतो, कारण इथे कृती प्रेक्षकाच्या हातून घडते.

युबिसॉफ्टने २००७ साली आणलेला ‘असॅसिन्स क्रीड’ या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटतो, जरी त्याचा सगळा धंदा मारेकऱ्यांचा आहे. त्याच्या पंथाचा पहिलाच नियम निरपराध माणसावर शस्त्र न उचलण्याचा. गेमच्या आरंभीच नायक अल्तायर एका निरपराध म्हाताऱ्याला मारतो आणि त्याची पायरी उतरवली जाते. नंतर खेळताना खेळणाऱ्याने रस्त्यावरच्या नागरिकाला मारलं की आयुष्याची पट्टी घटते. हात आवरला नाही तर डाव संपतो. इथे प्रतिष्ठेवर व्याख्यान नाही. जे करू नये ते केलं की खेळताच येत नाही.

या गेममागचा इतिहास याहून कठोर आहे. हसन-इ-सब्बाहने १०९० मध्ये इराणातला अलामूतचा किल्ला घेतला आणि निझारी इस्माइलींचं, म्हणजे असॅसिन या नावाने ओळखल्या गेलेल्या पंथाचं, छोटं राज्य उभं केलं. सल्जुकांच्या बलाढ्य फौजांपुढे मूठभर लोकांचा निभाव लागणं अशक्य होतं. त्यांनी फौजेऐवजी फौज चालवणारा माणूस गाठला. १०९२ मध्ये वजीर निझाम-उल-मुल्क, ११९२ मध्ये टायर शहरात क्रुसेडरांचा नेता कॉनराड. त्यांचे मारेकरी, म्हणजे फिदाई, वेष पालटून, कधी कधी महिनोन् महिने ओळख वाढवून जवळ जात. पण वार करत तो बहुधा खंजिराने, मशिदीत, दरबारात किंवा भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. पळून जाण्याची सोय बहुतेकदा नसे. जीव घेणारा स्वतःचाही जीव तिथेच ठेवत असे. त्यांच्या कृत्याला कोणी काहीही म्हणो, स्वतः किंमत न मोजल्याचा आरोप त्यांच्यावर करता येणार नाही. गेमने त्यांना छपरं दिली, गवताच्या गाड्या दिल्या आणि दरवेळी सुखरूप निसटण्याची हमी दिली. फिदाईच्या आयुष्यातली सर्वांत जड गोष्ट तेवढी गळून पडली.

अलामूत पडलं १२५६ मध्ये, मंगोल हुलागू खानापुढे. त्याचा सख्खा भाऊ कुबलाई. एका भावाने असॅसिनांचा गड मोडला आणि अठरा वर्षांनी दुसऱ्या भावाची जहाजं त्सुशिमाला लागली. दोन टोकांच्या या दोन गेमांमागे एकच घराणं उभं आहे.

शिमुराचा संताप मराठी खेळणाऱ्याला मुळात परका वाटतो, आणि त्यात नवल नाही. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराज रात्री पुण्याच्या लाल महालात शिरले आणि शाहिस्तेखानाची बोटं तुटली, ही गोष्ट इथे लहानपणापासून अभिमानाने सांगितली जाते. गनिमी कावा लाजिरवाणा आहे असं कोणी मानत नाही. मात्र त्याच महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्रही त्याच श्वासात आठवायला हवं. रयतेकडून दाणा-वैरण हिसकावू नका, बाजारातून विकत घ्या. रात्री दिवे निष्काळजीपणे ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील. शत्रूच्या शयनगृहात अंधारात शिरणारा आणि स्वतःच्या सैन्याच्या दिव्याची वात कुठे जाईल याची काळजी वाहणारा माणूस एकच आहे. शिमुराला आणि जिनला, दोघांनाही जे साधलं नाही, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं.

किंमत खेळणाऱ्याच्या हाताशी बांधायचे प्रयत्न गेमांनी केलेले आहेत. १९९८च्या ‘थीफ’मध्ये सर्वांत अवघड पातळीवर माणसाचा जीव घ्यायची मुभाच नाही: चोरी करा, पण माणूस मारू नका. २०१२च्या ‘डिसऑनर्ड’मध्ये नायक जितके मुडदे पाडेल तितके डनवॉल शहरात उंदीर आणि प्लेगचे रोगी वाढतात. ज्या लहान मुलीला वाचवण्यासाठी तो हे करतो, तिची चित्रंसुद्धा भेसूर होत जातात, आणि फारच रक्त सांडलं तर त्याला इतके दिवस होडीतून नेणारा म्हातारा नावाडी शेवटच्या मोहिमेवर त्याला उतरवून हवेत गोळी झाडतो, शत्रूला सावध करायला. पण याच गेममध्ये लेडी बॉयलला न मारण्याचा जो मार्ग आहे, तो म्हणजे तिला बेशुद्ध करून तिच्यावर नजर ठेवणाऱ्या एका पुरुषाच्या हवाली करणं. रक्त सांडलं नाही म्हणून गेमच्या हिशेबात हे सौम्य कृत्य ठरतं. ते सौम्य नाही. मोजमाप फक्त मुडद्यांचं केलं की असं होतं.

या सगळ्यांत उजवं ठरतं ते हिदेओ कोजिमा यांच्या २००४च्या ‘मेटल गियर सॉलिड ३’मधलं एक दृश्य. नायक एका उथळ नदीतून प्रवाहाविरुद्ध चालत राहतो आणि समोरून, एकामागून एक, त्याने तोपर्यंत मारलेली माणसं येतात. ज्याला जसं मारलं तशी त्याची जखम. कमी मारले असतील तर नदी जवळजवळ मोकळी; सपाट्याने मारत आलेल्याला ती संपता संपत नाही. इथे कोणी उपदेश करत नाही, गुण कापत नाही. जे केलं त्यातून फक्त चालत जावं लागतं.

अलीकडे मात्र गेमवाले या वादातून काढता पाय घेताना दिसतात. २०२५च्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ने तर तो दोन माणसांत वाटून टाकला: इगा प्रांताची शिनोबी, म्हणजे छुपी योद्धा, नाओए लपून मारते, सरदार ओदा नोबुनागाचा आफ्रिकी योद्धा यासुके दार तोडून आत शिरतो, आणि खेळणारा मनाला येईल तसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याच वर्षीच्या ‘घोस्ट ऑफ योतेई’ची नायिका अत्सु ही सूड घ्यायला निघालेली भाडोत्री योद्धा, तिला कोणा मामाच्या मानाचं दडपण नाही. दोन्ही गेम देखणे आहेत, पण सोपी वाट धरणारे आहेत.

म्हणूनच ‘त्सुशिमा’च्या शेवटाची आठवण ठेवायला हवी. शोगुनच्या हुकुमाने शिमुरा भाच्याला मारायला येतो, द्वंद्व हरतो आणि योद्ध्याचं मरण मागतो. मारायचं की सोडायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. मारलं तर समोरून, डोळ्यांत बघून, त्याच्याच इच्छेने, पण स्वतःच्या मामाला. सोडलं तर हुकूम न पाळल्याचा कलंक घेऊन जगणं शिमुराच्या वाट्याला. कुठलंही बटण फुकट दाबता येत नाही. मान आणि त्याची किंमत इथे एकाच हातात येतात, आणि वार मागून होता की पुढून, हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. हे दृश्य ज्यांनी लिहिलं त्यांना काय साधायचं होतं, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं. तेच धाडस त्यांनी विष कालवण्याच्या त्या रात्री दाखवायला हवं होतं.