काशीचं व्हाउचर

आमच्या घरात वस्तू टाकून देण्याची प्रथा नाही. वस्तू आधी जुनी होते, मग मोडते, मग माळ्यावर जाते. तिथे ती इतकी वर्षं राहते की पुढे तिला टाकणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बाहेर काढण्यासारखं वाटू लागतं. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, मिठाईच्या खोक्यांवरचे दोरे, बिनजोडीची बटणं, लग्नपत्रिका. पत्रिकांचा तर एक अख्खा गठ्ठा आहे. त्यातल्या दोन जोडप्यांनी एव्हाना काडीमोड घेतला, पण पत्रिका अजून कडक आहेत.

या ठेवीवर पहिल्यांदा कुणाला व्याज मिळालं असेल तर ते आमच्या कन्येला. ती आठवीत आहे. सुट्टीत तिने माळ्यावरचा सगळा माल खाली उतरवला आणि जाहीर केलं की ती 'ट्रॅव्हल आर्ट जर्नल' करणार आहे. मला आधी वाटलं, प्रवासाला जायचं म्हणतेय, म्हणून मी घाईघाईने पेपरात तोंड घातलं. मग कळलं की जायचं कुठेच नाही, केलेल्या प्रवासांची पानं करायची आहेत. मी पेपर खाली ठेवला. ज्या छंदाचं अंदाजपत्रक शून्य आहे त्याला बापाचा आशीर्वाद नेहमीच असतो.

विकतचं काही आणायचं नाही, हा तिचा नियम. वही म्हणून घेतली बँकेने फुकट दिलेली २०१९ सालची डायरी. (मी दर नव्या वर्षी डायरी लिहायचा संकल्प करतो, त्यामुळे आमच्याकडे कोऱ्या डायऱ्यांचा साठा भरपूर.) डायरीचा कागद पातळ, म्हणून दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान केलं. चिकटवायला आईने मैद्याची खळ शिजवून दिली आणि तीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं, म्हणजे कसर लागत नाही. घातल्यावर हात धुवायलाही बजावलं. उरलेल्या चहाच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला की तो पेशव्यांच्या दप्तरातून आल्यासारखा दिसतो. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आतून पन्हाळी निघतात, त्या होतात कौलं किंवा पायऱ्या. आणि बँकेच्या पाकिटांना पत्ता दिसण्यासाठी जी पारदर्शक खिडकी असते ती कापून घेतली की रेल्वेची खिडकी तयार! बावीस वर्षं मी ती पाकिटं हाताळतोय. त्या खिडकीतून बाहेर बघता येतं हे मला कधी सुचलं नव्हतं.

तिच्या चित्रकलेच्या बाईंनी तिला कुर्ट श्विटर्स नावाच्या जर्मन चित्रकाराची माहिती दिली होती. हा गृहस्थ ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, फाटकी पाकिटं असला कचरा चिकटवून चित्रं करायचा. १९१९ च्या सुमारास त्याने एका बँकेची जाहिरात कापली. तीत 'कोमेर्झ', म्हणजे आपलं कॉमर्स, हा शब्द होता. त्यातला 'मेर्झ' एवढाच तुकडा चित्रात आला आणि पुढे आपल्या सगळ्या कलेला त्याने तेच नाव दिलं. मी स्वतः बी.कॉम. अर्ध्या कॉमर्समधून कला निघते हे ऐकून मला भरून आलं. माझं संपूर्ण कॉमर्स झालं, म्हणूनच बहुधा काही निघालं नाही. या श्विटर्सला पुढे नाझींमुळे देश सोडावा लागला. १९४० मध्ये इंग्रजांनीही त्याला जर्मन म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं, तर तिथे चिकटवायला काही नाही म्हणून त्याने नाश्त्याच्या लापशीचे पुतळे केले. त्यांना बुरशी आली आणि वास सुटला. हे ऐकल्यावर सौ.ने स्वयंपाकघराला कडी घातली.

तिकिटांचा डबा निघाला तेव्हा मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रेल्वेची जुनी, जाड पुठ्ठ्याची तिकिटं आहेत. ही तिकिटं एडमंडसन नावाच्या इंग्रजाने १८३० च्या दशकात काढली. प्रत्येकावर ओळीने नंबर. उद्देश प्रवाशाची सोय हा नव्हे, तर तिकीटबाबूने पैसे खिशात घालू नयेत हा. म्हणजे जगातलं हे पहिलं छापील अविश्वासपत्रक. आता गंमत अशी, की ही तिकिटं उतरल्यावर फाटकावरच्या टीसीला परत द्यायची असत. म्हणजे जो सरळमार्गी प्रवासी त्याच्याकडे तिकीट उरत नाही. घरात डबाभर तिकिटं आहेत याचा अर्थ आमचं घराणं टीसीला चुकवून बाहेर पडण्यात तरबेज होतं. मी हे बोलून दाखवताच आईने डबा काढून घेतला. हल्लीच्या यष्टीच्या तिकिटांचा तर पुरावा म्हणून काहीच उपयोग नाही. ती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत आपोआप कोरी होतात. मागच्या वर्षीच्या महाबळेश्वरच्या पानावर कन्येने चिकटवलेलं तिकीट आज पांढरं फटक आहे. आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो हे आता फक्त आम्हालाच माहीत.

येथवर सगळं ठीक होतं. महाबळेश्वर झालं, गणपतीपुळे झालं. पुढचं पान उघडलं तर वर लग्नपत्रिकेतल्या सोनेरी कागदातून कापलेली अक्षरं: 'आजीची काशी'.

आमची आई काशीला गेलेली नाही.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे 'काशीस जावे नित्य वदावे' असं म्हणतात. माझ्या वडिलांनी त्यातलं 'नित्य वदावे' तंतोतंत पाळलं. दर मे महिन्यात ते "यंदा काशी करू" म्हणायचे आणि दर मे महिन्यात कुणाची तरी फी, कुणाचं तरी बाळंतपण, एकदा तर घराची गच्ची आडवी यायची. ते गेले. मग मी वदू लागलो. शेवटी एकदाचं धाडस करून एप्रिल २०२० ची महानगरी एक्सप्रेसची तिकिटं काढली. आईने नवं लुगडं घेतलं, गंगेचं पाणी आणायला तांब्याचा गडू घासून ठेवला. मी सवयीने तिकिटाच्या तीन प्रती छापल्या. मार्चमध्ये देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. भाड्याचे पैसे परत आले. गाड्या पुढे सुरू झाल्या, पण तोवर आईचे गुडघे बंद झाले होते.

त्या तीन प्रतींपैकी एक पानाच्या मधोमध चिकटवलेली. पुठ्ठ्याच्या पन्हाळींचे घाट, काड्यापेटीच्या होड्या, फाटक्या लाल ब्लाउजपीसचा सूर्य. आणि खाली पानभर चकाकणारी गंगा. ती गंगा आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची होती. चांदी सोलून, चुरगळून, पुन्हा सपाट करून लावलेली. लाटा हुबेहूब आल्या होत्या.

मी म्हटलं, "पान छान आहे. पण हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? मी कुठे काय लिहिलंय? नुसतं चिकटवलंय."

"तिकीट चिकटवलंस म्हणजे गेलो असं झालं. व्यवहार झालाच नाही आणि व्हाउचर मात्र जोडलेलं. बँकेत असं केलं तर घरी बसवतात."

"अहो, ही बँक नाही," सौ. म्हणाली. हे वाक्य ती लग्नापासून म्हणत आली आहे.

ते पान मी तिथेच सोडलंही असतं. पण आठवड्याभराने शेजारच्या काकू काशी करून आल्या आणि प्रसाद द्यायला आल्या. आईने ती वही पुढे केली आणि शांतपणे म्हणाली, "आमचंही झालं हो. घाटाच्या पायऱ्या फार उंच बाई. माझे गुडघे कामातून गेले ते तिथेच."

मी चहाचा कप तोंडाशी नेलेला तसाच धरून बसलो. काकू म्हणाल्या, देवळापर्यंत आता काही त्रास नाही, केवढा प्रशस्त रस्ता केलाय. आई म्हणाली, "आम्ही गेलो तेव्हा बोळच होते. एक गाय आडवी आली तर दोघींनी भिंतीला चिकटून उभं राहायचं." याला काय उत्तर देणार? विश्वनाथाचा तो नवा मार्ग २०२१ च्या डिसेंबरात खुला झाला, आणि त्याआधी तिथे बोळ होते हे खरंच आहे. पुढे आईने हेही सांगितलं, की आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलं. तेही बरोबर. बोळ, गाय, भिंत हे सगळं तिच्या आत्तेसासूबाईंचं. त्यांनी काशी केली होती आणि ती पुढे तीस वर्षं सांगितली. आई ती ऐकत भाकऱ्या थापत होती. आता ती काशी तिच्या नावावर वर्ग झाली होती.

त्या रात्री मला झोप लागेना. हिला खरंच वाटतंय की काय? वय शहात्तर. वाटत असेल, तर सांगायचं की नाही? सांगायचं म्हणजे नेमकं काय? "आई, तू काशीला गेलेली नाहीस"? हे वाक्य मी मनात चार प्रकारे म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी खरं होतं, आणि प्रत्येक वेळी कानाखाली मारल्यासारखं वाजत होतं. न सांगावं, तर मी दररोज एका खोट्या नोंदीवर इनिशियल करतोय. माझ्या हुद्द्याच्या माणसाला नीतिशास्त्र कुणी शिकवत नाही, बॅलन्स जुळला पाहिजे एवढंच शिकवतात. आणि इथे बॅलन्स जुळत होता हीच पंचाईत! कुणाचं नुकसान नाही, कुणाचा फायदा नाही. फक्त एंट्री खोटी.

मग वाटलं, आपल्या पूर्वजांनी ही तपासणी कधी केली का? मानसपूजेत माणूस देवाला सोन्याचं सिंहासन आणि रत्नांचे हार अर्पण करतो, डोळे मिटून. एका पैशाचं व्हाउचर नाही, आणि देवाकडून हरकत आल्याचं ऐकिवात नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरून आले. 'माझा प्रवास' लिहिला कितीतरी वर्षांनी, आठवून आठवून, आणि तो छापून निघाला १९०७ साली. त्यांनी एकही तिकीट चिकटवलेलं नाही. आपण विश्वास ठेवतोच ना? पण लगेच दुसरं मन म्हणालं, गोडसे भटजी गेले होते. मुद्दा तोच आहे. आणि मानसपूजा करणारा शेजारणीला हार दाखवायला जात नाही. अशा नोंदीसाठी बँकेत सस्पेन्स खातं असतं. कशाचे, कुणाचे हे ठरेपर्यंत रक्कम तिथे ठेवायची. पण त्या खात्यातही रक्कम फार दिवस ठेवली तर इन्स्पेक्टर विचारतो.

शेवटी इन्स्पेक्टरनेच विचारलं. दुसऱ्या दिवशी रात्री मी आईच्या गुडघ्यांना तेल लावत होतो. ती वही मांडीवर घेऊन गंगेवरून अंगठा फिरवत होती. चांदी करकर वाजत होती.

"काय रे, त्या तिकिटांचे पैसे परत आले होते ना?"

माझा हात थांबला.

"आले होते. पूर्ण भाडं."

"मग ते वेगळे ठेव हो. काशीनंतर रामेश्वर करावं लागतं, नाहीतर यात्रा अपुरी राहते." आणि तिने दुसरा गुडघा पुढे केला.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही सापडलं नाही. ती वडिलांबरोबर चव्वेचाळीस वर्षं 'यंदा काशी करू' ऐकत होती. चेहरा कोरा कसा ठेवावा हे तिला कुणी शिकवायला नको. पैसे वेगळे ठेवायचा प्रश्नच नव्हता, ते २०२० सालीच किराणा सामानात गेले. पण "ठेवतो" म्हणालो. माझ्या नोकरीतलं पहिलं जाणूनबुजून केलेलं खोटं विधान. बाटलीतलं तेल संपलं होतं. रिकामी बाटली मी सवयीने माळ्याच्या ढिगात ठेवून दिली.

सकाळी कन्या पुठ्ठा सोलत बसली होती. रामेश्वराच्या देवळातले खांब म्हणे, पुष्कळच लागतात.

"बाबा," ती म्हणाली, "गंगेला आजीची नऊ पाकिटं पुरली. समुद्राला किती लागतील?"

"सावकाश जमव," मी म्हटलं. "घाई नाही."